निळी बस गोवंडीच्या वाट्याला का नाही?

मुंबईला हिवाळा नसतो, असे म्हणण्याची एक पद्धत पडून गेली आहे. पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरला की वर्तमानपत्रे स्वेटर घातलेल्या फिरस्त्यांची छायाचित्रे छापतात आणि शहराला दोन दिवस गुलाबी थंडीचे कौतुक वाटते. गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्यांना हिवाळा कळतो तो धुरावरून. या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार असते. त्यामुळे रात्रभर साचलेला धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाही; ऊन तापेपर्यंत ती वस्तीवर झाकणासारखी पडून राहते. सकाळच्या पाळीच्या शाळा नेमक्या याच वेळेला भरतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांनंतर होतो. सात-सव्वासातला शाळेच्या दारात पोहोचायचे असलेले मूल घरातून निघते तेव्हा अंधार असतो, आणि रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत ते जितका वेळ उभे राहते तितका वेळ ती हवा त्याच्या छातीत जात राहते.

या परिस्थितीवर शासनयंत्रणेला आजवर सुचलेला उपाय एकच आहे : शाळा बंद ठेवणे. जानेवारी २०१६च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली. उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसावा एवढा तिचा धूर होता. तेव्हा परिसरातील महापालिकेच्या शाळांना सुट्टी देण्यात आली. पुढे ३० डिसेंबर २०२४ रोजी हवा बिघडल्यामुळे पालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा येथील सर्व बांधकामे थांबविण्याचा आदेश काढला, तेव्हा ज्या भागांवर नजर ठेवण्याचे जाहीर झाले त्यांत गोवंडीचे शिवाजीनगर होते. नजर ठेवली जाते, मोजमाप होते, आकडा फलकावर झळकतो. पण त्याच शिवाजीनगरातल्या मुलाने त्याच सकाळी शाळेपर्यंत जायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही खात्याच्या फायलीत उघडला जात नाही. हवेचे खाते वेगळे, शाळेचे वेगळे, बसचे वेगळे. मूल मात्र एकच असते आणि त्याला ही तिन्ही खाती रोज सकाळी एकाच वेळी ओलांडावी लागतात.

बस वेळेवर न येणे ही सुखवस्तू माणसाच्या लेखी गैरसोय असते. तो रिक्षा करतो किंवा कार्यालयात दूरध्वनी करून उशिरा येतो. गोवंडीतल्या कष्टकरी कुटुंबाच्या लेखी तिचा हिशेब निराळा आहे. सव्वासहाची म्हणून सांगितलेली गाडी पावणेसातपर्यंत आली नाही, तर आईपुढे तीन मार्ग उरतात. सहा-सात मुले कोंबून नेणाऱ्या रिक्षात मुलाला बसवावे, हा पहिला. रिक्षाला परवानगी तीन प्रवाशांची असते हे तिलाही ठाऊक असते. मुलाचा हात धरून स्वतः चालत निघावे, हा दुसरा. पण तिला स्वतःला चेंबूरला धुणीभांडी करायला किंवा नाक्यावर रोजंदारीला त्याच सुमारास पोहोचायचे असते, आणि उशीर झाला की तिचा खाडा पडतो. तिसरा मार्ग म्हणजे मुलाला घरी परत नेणे. आठवड्यातून दोनदा असे घडले की हजेरीपुस्तकात गैरहजेरीचे शेरे पडतात, त्यांवरून पालकांना बेफिकीर ठरविले जाते, आणि वर्षअखेरीला शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत त्या मुलाचे नाव येते. पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात कारणासाठी जो रकाना असतो, त्यात ‘आर्थिक अडचण’ किंवा ‘शिक्षणात रस नाही’ असे लिहिले जाते. ‘बस आली नाही’ हे कारण तिथे सहसा उमटत नाही.

मुलगा असेल तर त्याला थोडे मोठे झाल्यावर एकटे सोडले जाते. मुलगी सातवी-आठवीपर्यंत पोहोचली की अंधारातल्या थांब्यावर तिला एकटीने उभे करण्यास घर तयार होत नाही. या नकारावर वस्तीच्या मागासलेपणाची टीका करणे सोपे आहे. ज्या घराला बस येईल की नाही याचीच शाश्वती नाही, त्या घराने वेगळा निर्णय कशाच्या भरवशावर घ्यावा?

ही माणसे येथे आपखुशीने येऊन राहिली, असा एक समज शहराच्या दक्षिण टोकाला रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. देवनारला शहराचा कचरा टाकणे १९२७ साली सुरू झाले. कत्तलखाना तेथे १९७१ साली आला. सत्तरच्या दशकात शहरातून उठविलेल्या झोपड्यांना पालिकेने दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे आखून दिले ते याच कचराभूमीच्या पायथ्याशी. आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी जमीनदोस्त करून तेथील हजारो रहिवाशांना चीता कॅम्पमध्ये नेऊन सोडण्यात आले. या शतकाच्या पहिल्या दशकात लोहमार्ग आणि रस्ते रुंद करण्यासाठी हटविलेली कुटुंबे नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंडच्या इमारतींत आणून ठेवली गेली. प्रत्येक वेळी शासनाने माणसे हलविली; त्यांच्या मुलांची शाळा, विशेषतः माध्यमिक शाळा, त्यांच्याबरोबर हलली नाही. शहराच्या सोयीसाठी ज्यांना दूर नेले गेले, त्यांच्या मुलांना शाळेपर्यंत नेऊन पोहोचविण्याची जबाबदारीही त्या शहराकडेच येते. येथे उपकाराचा प्रश्न येत नाही.

कायदा या जबाबदारीकडे कसा पाहतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. कागदावर गोवंडी या कसोटीला उतरते, कारण वस्ती दाट आहे आणि अंतरे थोडी आहेत. पण नकाशावरच्या किलोमीटरला घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता दिसत नाही. शिवाजीनगर-बैंगनवाडी या रस्त्याच्या एका अंगाला आणि गोवंडी स्थानक, देवनार, चेंबूर दुसऱ्या अंगाला. पूर्व मुक्त मार्गाचे उत्तरेकडचे टोक याच रस्त्याला येऊन मिळते आणि अवजड वाहनांची रीघ पहाटेपासून लागलेली असते. १ ऑगस्ट २०२१ रोजी या रस्त्यावर लांबलचक उड्डाणपूल खुला झाला. मोटारी आता वस्तीच्या डोक्यावरून न थांबता निघून जातात. पायी जाणाऱ्या मुलाला मात्र पुलाच्या खांबांमधूनच वाट काढावी लागते. शिवाय आठवीनंतर कायद्याचे हे मोजमापच संपते. १८८८च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे, माध्यमिक शिक्षण तसे नाही. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा थोड्या आहेत त्या यामुळेच. म्हणजे मुलाला अधिक लांब जावे लागण्याचे वय जेथे सुरू होते, तेथेच शासनाचे बोट सुटते.

आता जरा मुंबईबाहेर पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. मराठवाडा आणि विदर्भातल्या रस्त्यांवर निळ्या रंगाच्या एसटी गाड्या धावतात. मानव विकास कार्यक्रमाखाली शासनाने त्या महामंडळाला दिल्या, खेड्यांतल्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी. आणि त्या मुलींकडून तिकीट घेतले जात नाही. हा कार्यक्रम २००६ मध्ये काही थोड्या तालुक्यांत सुरू झाला आणि २०११ मध्ये १२५ तालुक्यांपर्यंत वाढविला गेला. तालुके निवडताना मानवविकासातील मागासलेपण हा आधार धरण्यात आला. त्याच्याही आधी, १९९६ पासून, ग्रामीण विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मोफत प्रवासाची योजना होतीच. शाळेचा रस्ता हा शाळेचाच भाग आहे, हे तत्त्व या योजनांनी मान्य केले. त्यांच्यात त्रुटी पुष्कळ आहेत. गाडी नादुरुस्त होते, चालक नसतो, शाळेच्या वेळेऐवजी आगाराच्या सोयीने फेरी लागते. तरीही गाडी आली नाही तर गावाला तक्रार करता येते, कारण ती येणे हे कोणाचे तरी ठरलेले काम आहे.

मुंबईच्या मानवविकासाचेही मोजमाप झालेले आहे. २००९च्या मुंबई मानवविकास अहवालात शहराच्या २४ विभागांत गोवंडी ज्यात मोडते तो एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. त्याचा निर्देशांक होता अवघा ०.०५. हाच आकडा एखाद्या तालुक्याच्या नावापुढे लागला असता तर तेथे निळी बस गेली असती. गोवंडीला तो अहवाल मिळाला, परिसंवाद मिळाले, देशातील नामवंत समाजविज्ञान संस्था याच विभागात असल्यामुळे पाहण्याही भरपूर मिळाल्या. बस मिळाली नाही, कारण गोवंडी हा तालुका नाही. मागासलेपण ग्रामीण असेल तरच त्याला योजना आणि नागरी असेल तर केवळ आकडेवारी, ही विभागणी कोणत्या न्यायाने केली गेली याचे उत्तर नियोजन खात्याने द्यावयास हवे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. खेड्यात दुसरे वाहन नसते म्हणून एसटी द्यावी लागते. मुंबईत बेस्ट आहे, लोकल आहे, रिक्षा आहेत, मग वेगळी व्यवस्था कशाला? हा आक्षेप बेस्टची पंधरा वर्षांपूर्वीची अवस्था डोळ्यांपुढे ठेवून घेतला जातो. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई पालिकेने खाजगी कंपनीकडून हा उपक्रम ताब्यात घेतला. विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून काढण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. गोवंडीसारख्या तोट्याच्या मार्गावर गाडी धावू शकत होती ती फोर्टच्या कचेऱ्यांनी जाळलेल्या विजेच्या बळावर. समाजवादाची याहून सोपी शिकवण दुसरी नसेल. विजेच्या क्षेत्रात नवे कायदे आणि नियामक आल्यानंतर ती वाट बंद झाली आणि तूट भरून काढणारे दुसरे काही शासनाने उभे केले नाही. एके काळी चार हजारांवर असलेल्या बेस्टच्या गाड्या आता भाड्याच्या गाड्या धरूनही तीन हजारांच्या खाली आल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतांश कंत्राटदारांच्या आहेत. जून २०१९च्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे मान्य झाले होते. ते वचन कागदावरच राहिले.

कंत्राटी पद्धतीचे फळ कसे असते ते लवकरच दिसले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने काम सोडले आणि त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तुटपुंज्या वेतनाला कंटाळून कंत्राटी चालकांनी काम थांबविले. त्या संपाची सुरुवात घाटकोपर आणि मुलुंड आगारांतून झाली होती. कंत्राटदाराला गाडी परवडेनाशी झाली की तो निघून जातो, चालकाला पगार परवडेनासा झाला की तो निघून जातो, आणि थांब्यावरचे मूल तेथेच उभे असते. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. विद्यार्थ्यांना पास आणि सवलती आहेत हे खरे, पण सवलतीचा उपयोग गाडी आली तरच होतो. पैशाचा मुद्दा काढणाऱ्यांनी एवढेच आठवावे की २०२५-२६ चा मुंबई पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता आणि त्यातून बेस्टला देऊ केले गेले एक हजार कोटी.

मध्यंतरी मुलांच्या सकाळच्या हालांची दखल शासनाने घेतली होती, ती मोठी बोलकी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात अशी सूचना केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. हेतू चांगला होता. सूर्य वर आल्यावर लहान मूल घराबाहेर पडेल तर धुराचाही त्रास काहीसा कमी होईल. पण शाळा-बसमालकांनी लगेच सांगितले की मोठ्या मुलांची सातची आणि लहानांची नऊची अशा दोन फेऱ्या परवडणार नाहीत, वाहतुकीची कोंडीही वाढेल. ज्या शाळांना अडचण आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, अशी सोय निर्णयातच ठेवलेली होती. एकाच इमारतीत दोन पाळ्या आणि तीन-चार माध्यमे चालविणाऱ्या शाळेला अडचण असणारच. या साऱ्या चर्चेत खाजगी बसमालकाचे गणित विचारात घेतले गेले, शाळेच्या इमारतीचे घेतले गेले. थोरल्या बहिणीचा हात धरून सातला जाणारे धाकटे भावंड आता नऊला कोणाबरोबर जाणार, हे मात्र कोणी विचारले नाही. घड्याळ हलविणे स्वस्त पडते. बसला पैसे लागतात. २०११ च्या शालेय बस नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी असे सांगितले आहे. ज्या शाळेची स्वतःची बसच नाही, तेथे या समितीने काय करावे याबद्दल मात्र कोणी फारसा विचार केलेला दिसत नाही. खरे तर मुले शाळेत येतात कशी आणि कोणत्या दिवशी कशामुळे येऊ शकली नाहीत, याची नोंद ठेवणे हेच अशा शाळेतील समितीचे पहिले काम ठरावे.

येथे चळवळीला अडचणीचा वाटेल असा एक मुद्दा टाळता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये, ८ पासून १६ तारखेपर्यंत, बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. त्या उपक्रमाच्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ संप. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा ही त्यांची मागणी योग्य होती आणि आजही योग्य आहे. २०२१-२२च्या हिवाळ्यात एसटी कामगारांचा संप महिनोगणती चालला, तोही जगण्याच्या प्रश्नावरच. पण करोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांपर्यंत जाणाऱ्या निळ्या गाड्या त्याच काळात आगारांत उभ्या राहिल्या आणि २०१९ च्या त्या नऊ दिवसांत गोवंडीचे थांबेही ओस पडले. मंत्र्याला आणि आयुक्ताला मोटार असते. संपाची झळ सर्वांत आधी कामगाराच्याच शेजाऱ्याच्या मुलाला बसते. संपाचा हक्क मर्यादित करण्याची भाषा भांडवलदारी वृत्तपत्रे करतात, ती येथे करावयाची नाही. रुग्णालयातील कामगार संप करताना तातडीचा विभाग स्वतःच्या निर्णयाने चालू ठेवतात, त्याप्रमाणे वाहतूक कामगारांच्या संघटनांनी सकाळच्या आणि दुपारच्या शाळा-फेऱ्या स्वतःहून, कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाची वाट न पाहता, चालू ठेवाव्यात. संपाच्या फलकाखाली धावणारी, तिकीट न घेणारी शाळेची एक बस वस्तीतून गेली तर त्या संपाला जो पाठिंबा मिळेल तो दहा सभांनी मिळणार नाही. हे म्हणणे काही ज्येष्ठ कामगार कार्यकर्त्यांना रुचणार नाही. तरीही ते संघटनांच्या बैठकांत मांडले गेले पाहिजे.

मागणी काय असावी, याविषयी घोळ असण्याचे कारण नाही. एम-पूर्व विभागाला मानव विकास कार्यक्रमाच्या धर्तीवर शाळा-फेऱ्या मिळाव्यात, त्यांचा खर्च राज्य आणि पालिका यांनी वाटून घ्यावा, आणि त्या फेऱ्यांवर कंत्राटी गाडी न घालता बेस्टची स्वतःची गाडी आणि कायम चालक असावा. माध्यमिक शाळा वस्तीच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे जोडरस्ता ओलांडावा लागणार नाही अशा ठिकाणी व्हाव्यात, ही मागणी दीर्घ पल्ल्याची आहे. ती सोडू नये, पण तिच्यासाठी बसची मागणी अडवूनही धरू नये. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. त्या काळात थांब्यावरची तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, हाही प्रश्न होता.

मागणीपत्रे मात्र पुष्कळ झाली आहेत, आणि ‘गाड्या नियमित सुटतात’ या एका ओळीच्या उत्तराने ती परत येतात. या ओळीला उत्तर देता येईल असा पुरावा वस्तीच्या हाती नाही, आणि तो गोळा करणे अवघड नाही. जानेवारीच्या शाळेच्या कोणत्याही बारा दिवसांत, सकाळी सहा ते साडेसात या वेळात, शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या थांब्यांवर दोघा-दोघा कार्यकर्त्यांनी वही घेऊन उभे राहावे. कोणत्या क्रमांकाची गाडी किती वाजता आली, थांबली की भरलेली म्हणून निघून गेली, गणवेशातली किती मुले चढली, किती मागे राहिली, किती रिक्षाने गेली, किती चालत निघाली, एवढेच लिहावे. त्या दिवशीच्या हवेचा जाहीर झालेला आकडा शेजारी टिपावा. आगारातून त्या दिवसांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष सुटलेल्या फेऱ्यांची यादी माहितीच्या अधिकाराखाली मागवावी आणि दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवावेत. शिक्षकांपैकी जे तयार असतील त्यांच्याकडून त्याच दिवसांची उशिराची आणि गैरहजेरीची संख्या घ्यावी, मुलांची नावे घेऊ नयेत. वहीत मुलींचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा, आणि ज्या मुली थांब्यावर येतच नाहीत त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी घरोघरी जाऊन आणखी एक वही भरावी.